मोटार-अपघात आणि वारसांचे हक्क



इंदूरहून निघालेली मालमोटार बडवाह, सनावद असे टप्पे घेत असीरगडाच्या पायथ्याने बऱ्हाणपुरास येते, तापी ओलांडते, शहापूर मागे टाकते आणि इच्छापूर सोडल्यावर पाहता पाहता महाराष्ट्रात मुक्ताईनगरच्या हद्दीत शिरते. दुसरा रस्ता रावेर, सावदा, फैजपूर, यावल करीत गुजरातेतील अंकलेश्वराकडे जातो. या दोन्ही रस्त्यांवरून केळी जातात, कापड जाते, सूत येते. त्याच रस्त्यांवरून यंत्रमागावरची पाळी संपवून दुचाकीने घरी परतणारा कारागीर जातो, केळीचे घड वाहणारा मजूर जातो आणि शाळेला निघालेली मुलेही जातात. अपघातांच्या बातम्यांना आपण इतके सरावलो आहोत की मृतांचा आकडा वाचून आपली दृष्टी पुढच्या बातमीकडे वळते. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली.

या माणसांच्या मागे राहिलेल्या कुटुंबांविषयी आज मला बोलावयाचे आहे. अपघात का होतात आणि ते कसे टाळावे, हा विषय मोठा आहे आणि त्यावर पुष्कळ बोलले जाते. परंतु अपघात होऊन गेल्यावर घरात जी बाई राहते, जी मुले राहतात, म्हातारे आईबाप राहतात, त्यांना कायद्याने काय दिले आहे हे सांगणारे फार थोडे असतात. जे सांगावयास येतात त्यांतले काही आपला हिस्सा आधी ठरवून मगच बोलतात!

१५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीच्या सुमारास यावल तालुक्यातील किनगावजवळ पपईने भरलेली एक मालमोटार उलटली. मालाच्या वर बसून गावी परतणारे मजूर त्या मालाखाली दडपले गेले आणि निदान पंधरा जण प्राणास मुकले. बहुतेक सारे रावेर तालुक्यातले, म्हणजे आपल्या शेजारचेच. त्यांत स्त्रिया होत्या, मुलेही होती. दुसऱ्या दिवशी शोकसंदेश आले आणि पंतप्रधानांच्या मदत निधीतून प्रत्येक मृताच्या वारसांना २ लाख रुपये जाहीर झाले. ही मदत आवश्यकच होती आणि ती तत्परतेने जाहीर झाली, हेही चांगले झाले. तथापि अशा प्रसंगी सर्वसामान्य माणसाची एक समजूत होऊन बसते, ती अशी की सरकारने पैसे दिले, प्रकरण मिटले. वस्तुतः सरकारने आपल्या मर्जीने दिलेली मदत ही एक गोष्ट, आणि ज्याच्या वाहनाने जीव गेला त्याच्याकडून व त्याच्या विमा कंपनीकडून कायद्याने वसूल करावयाची भरपाई ही अगदी निराळी गोष्ट. मदत द्यावी की न द्यावी हे देणाऱ्याच्या हाती असते. भरपाई मागणारा मात्र अर्जदार म्हणून न्यायाधिकरणापुढे उभा राहतो, आणि त्याचे म्हणणे सिद्ध झाले तर ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार कोणालाही उरत नाही. मृताने स्वतःच्या आयुष्याचा विमा उतरला असेल तर त्याचे पैसेदेखील या भरपाईतून वजा करावयाचे नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये महाराष्ट्राच्या एस. टी. महामंडळाच्याच एका प्रकरणात ठरवून दिले आहे.

हा हक्क आपणांस सहजासहजी मिळालेला नाही. जुन्या इंग्रजी कायद्याचा दंडक असा होता की जखमी माणूस नुकसानी मागू शकतो, पण तो मेला की त्याच्याबरोबर त्याचा दावाही मेला. म्हणजे पाय मोडला तर पैसे द्यावे लागत, आणि जीव घेतला तर काहीच देणे नाही! आगगाड्या धावू लागल्या, माणसे मरू लागली, तेव्हा इंग्लंडने १८४६ मध्ये कायदा करून ही विपरीत स्थिती पालटली. आपल्याकडे त्याच धर्तीचा प्राणांतिक अपघातांचा कायदा १८५५ मध्ये आला. पण त्याखाली दिवाणी न्यायालयात रीतसर दावा लावावा लागे, आणि दिवाणी दावा म्हणजे काय हे ज्याने चालविला आहे त्यास सांगणे नको. शिवाय हुकूमनामा झाला तरी मोटारमालकाकडे पैसाच नसेल तर त्या कागदाचा उपयोग काय? यावर उपाय म्हणून १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात त्रयस्थाच्या हानीचा विमा सक्तीचा केला गेला. ते प्रकरण प्रत्यक्ष अमलात आले १ जुलै १९४६ पासून. पुढे १९५६ च्या दुरुस्तीने या दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणे निर्माण झाली. आज १९८८ चा कायदा चालू आहे आणि २०१९ मध्ये त्यात मोठे फेरफार झाले. त्यांतले भरपाईविषयीचे बहुतेक १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत.

आता आजच्या कायद्याने किती मिळते, ते पाहू. येथे तीन वाटा आहेत आणि त्यांची गल्लत झाल्यामुळे पुष्कळ कुटुंबांचे नुकसान होते.

धडक देणारे वाहन पळून गेले, त्याचा क्रमांक कोणास ठाऊक नाही, अशा प्रसंगी मृताच्या वारसांस २ लाख रुपये आणि गंभीर जखमी झालेल्यास ५० हजार रुपये मिळतात. पूर्वी हेच आकडे २५ हजार आणि साडेबारा हजार होते. हा अर्ज न्यायालयात करावयाचा नसून, जेथे अपघात घडला तेथील उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदार यांच्याकडे करावयाचा आहे. मंजुरी जिल्हाधिकारी देतात. पुढे जर ते वाहन सापडले आणि मोठी भरपाई मिळाली, तर ही रक्कम तीतून परत करावी लागते, इतकेच. योजना सोपी आहे, पण ती लोकांपर्यंत पोचलेली नाही. २०२२ मध्ये देशात अशा पळून गेलेल्या वाहनांचे ६७,३८७ अपघात नोंदले गेले, आणि २०२२-२३ या आर्थिक वर्षात भरपाईसाठी अर्ज आले केवळ २०५! हे आकडे सर्वोच्च न्यायालयापुढे आले तेव्हा त्या न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये आदेश दिला की एका महिन्यात वाहनाचा तपास लागला नाही तर पोलिसांनी जखमीस किंवा मृताच्या वारसांस या योजनेची माहिती लेखी दिली पाहिजे.

वाहन ठाऊक असेल तर दुसरी वाट आहे. चूक कोणाची याची चौकशीच न करता मृत्यूबद्दल ५ लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये ठोक मिळतात. तिसरी वाट पूर्ण भरपाईची. तीत वाहनचालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो, पण रकमेस वरची मर्यादा नाही.

येथे मी श्रोत्यांना विशेष लक्ष देण्याची विनंती करतो. नव्या कायद्यात एक कलम असे आहे की वारसांनी विमा कंपनीकडून ते ठोक ५ लाख रुपये एकदा स्वीकारले, की पूर्ण भरपाईचा त्यांचा अर्ज संपुष्टात येतो. घरात तेराव्याचा खर्च झालेला असतो, उसनवारीचे तगादे सुरू झालेले असतात, आणि समोर ५ लाखांचा आकडा येतो. सही करण्याचा मोह कोणास होणार नाही? म्हणून सहीपूर्वी पूर्ण भरपाई किती होऊ शकते याचा हिशेब करून पाहिला पाहिजे. हा हिशेब गुप्त विद्या नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तो इतका बांधून दिला आहे की सहावी-सातवीतल्या मुलालाही तो मांडता यावा.

कल्पना करा, की बऱ्हाणपुरात यंत्रमागावर काम करणारा चौतीस वर्षांचा एक कारागीर आहे. महिना १२ हजार रुपये मिळवतो. घरी पत्नी, दोन मुले आणि आई. वर्षाची मिळकत झाली १,४४,००० रुपये. चाळीस वर्षांच्या आतील, कायम नोकरी नसलेल्या माणसाची मिळकत पुढे वाढली असती म्हणून तीत शेकडा ४० मिळवावयाचे. म्हणजे ५७,६०० मिळवून २,०१,६०० रुपये. यांतला काही भाग तो स्वतःवर खर्च करीत होता. अवलंबून असणारी माणसे चार ते सहा असतील तर हा भाग चौथा हिस्सा धरतात. तो वजा जाता उरले १,५१,२००. वयाप्रमाणे एक गुणक ठरलेला आहे. एकतीस ते पस्तीस या वयास तो १६ आहे. गुणाकार केला की २४,१९,२०० रुपये होतात. त्यावर मालमत्तेच्या हानीचे १५ हजार, अंत्यविधीचे १५ हजार, आणि पत्नी, दोन्ही मुले व आई यांच्या सहवासहानीचे प्रत्येकी ४० हजार. हे २०१७ चे दर असून दर तीन वर्षांनी त्यांत शेकडा १० वाढ करावयाची आहे. वाढ न धरताही एकूण बेरीज २६,०९,२०० रुपये होते. एका बाजूस ५ लाख आणि दुसऱ्या बाजूस २६ लाख! शिवाय अर्जाच्या तारखेपासून व्याज निराळे.

अर्थात या हिशेबातील पहिला आकडा, म्हणजे मिळकत, हाच वादाचा असतो. माग चालविणाऱ्यास पगारपत्रक कोण देतो? आठवड्याची मजुरी हातावर ठेवली जाते आणि तिची नोंद कारखानदाराच्या वहीत असली तर असते. विमा कंपनीचा वकील म्हणणार की पुरावा नाही, तेव्हा किमान वेतन धरा. परंतु पगाराचा दाखला नाही म्हणून डोळे झाकून किमान वेतनच धरावे असे नाही, काही अंदाज करणे न्यायाधिकरणाचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटले आहे. मागवाल्याची साक्ष, बरोबरच्या कारागिरांची साक्ष, बँकेचे पासबुक, मुलांच्या शाळेची फी, दुचाकीचे हप्ते, या साऱ्यांतून मिळकतीचे चित्र उभे राहते. कारखानदार पुष्कळदा साक्षीस येण्यास कचरतात. आपल्या कामगारांची नोंद नाही हे उघडकीस येईल, ही त्यांची भीती. पंधरा वर्षे ज्याने आपला माग चालविला त्याच्या मुलांसाठी अर्धा तास न्यायालयात उभे राहणे हे फार मोठे मागणे नाही, असे मला वाटते.

मृत व्यक्ती गृहिणी असेल तर काय? तिची मिळकत शून्य, सबब भरपाईही नाममात्र, असा युक्तिवाद एके काळी सर्रास होत असे. २००१ पासून सर्वोच्च न्यायालयाने तो वेळोवेळी फेटाळला असून, घरातील कामाचे मोल पैशात धरलेच पाहिजे आणि त्यातही भावी वाढ धरता येते, हे २०२१ च्या निकालाने आता पक्के झाले आहे.

आपला भाग सरहद्दीचा. येथला मनुष्य रावेरच्या बाजारास जातो, जळगावच्या दवाखान्यात जातो, मुलीला भुसावळला दिलेली असते. अपघात महाराष्ट्रात घडला तर दावा कोठे लावावा? पुष्कळांची समजूत अशी की जेथे अपघात तेथेच न्यायालय. मग तारखेगणिक जळगावची वारी करावी लागणार, या विचारानेच कित्येक जण खचतात. कायदा असे म्हणत नाही. अपघात घडला ते ठिकाण, अर्जदार राहतो किंवा धंदा करतो ते ठिकाण, अथवा प्रतिवादी राहतो ते ठिकाण, या तिन्हींपैकी कोठेही अर्ज करण्याची मुभा अर्जदारास आहे. म्हणजे किनगावजवळ मृत्यू पावलेल्या माणसाची विधवा बऱ्हाणपुरात राहत असेल, तर ती बऱ्हाणपूरच्या न्यायाधिकरणातच अर्ज करू शकते; आणि इच्छापुराच्या रस्त्यावर मुक्ताईनगरचा कोणी दगावला तर त्याच्या घरच्यांनी मध्य प्रदेशात येण्याचे कारण नाही. पत्नीने येथे आणि आईबापांनी रावेरकडे असे दोन अर्ज केले, तर आधी दाखल झालेला अर्ज कायम राहतो व दुसरा त्याच्याकडे वर्ग होतो, असे २०२२ च्या निकालात सांगितले आहे. सासरमाहेरच्या भांडणात हे लक्षात ठेवलेले बरे. पळून गेलेल्या वाहनाचा २ लाखांचा अर्ज मात्र, मघाशी सांगितल्याप्रमाणे, अपघात घडला त्या तालुक्यातच करावा लागतो.

फिर्यादीचेही तसेच आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या फौजदारी संहितेप्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, कोणत्याही पोलीस ठाण्यात पहिली खबर नोंदविता येते. ‘ही आमची हद्द नव्हे’ हे उत्तर आता चालणार नाही. एक व्यावहारिक अडचण उरते ती भाषेची. पलीकडचा पंचनामा मराठीत, इकडची कागदपत्रे हिंदीत. तिकडे ‘अकस्मात मृत्यू’ म्हणतात त्यास इकडे ‘मर्ग’ म्हणतात. महाराष्ट्रातील कागद येथे दाखल करताना त्यांचे हिंदी भाषांतर जोडावे लागते. आपल्या जिल्ह्यात दोन्ही भाषा जाणणारी माणसे घरोघर आहेत, तेव्हा ही अडचण आपणांस तरी जड जाऊ नये.

चूक कोणाची, या प्रश्नावर लोक उगाच धास्तावतात. एका दुचाकीवर तिघे बसले होते, मग आपलाच दोष, असे घरचेच म्हणू लागतात. तिघे बसणे हा नियमाचा भंग आहे यात शंका नाही. परंतु त्या भंगामुळेच अपघात घडला किंवा हानी वाढली असे दिसल्याशिवाय केवळ तेवढ्या कारणाने भरपाई कापता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले. चालक फौजदारी खटल्यातून सुटला म्हणूनही दावा बुडत नाही. फौजदारीत गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. येथे अधिक संभवनीय काय, एवढेच पाहतात. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९८० च्या एका निर्णयात, बस विजेच्या तारेस लागून उतारू दगावले होते त्या प्रकरणी, हा भेद स्पष्ट केला, आणि तांत्रिक सबबींवर मोटारमालकांना निसटू देऊ नका असे न्यायाधिकरणांना बजावले. चालकापाशी परवाना नव्हता ही सबबदेखील विमा कंपनीस त्रयस्थाविरुद्ध सहसा उपयोगी पडत नाही. कंपनीने आधी पैसे द्यावे आणि मग मालकाकडून वसूल करावे, असाच न्यायालयांचा कल २००४ पासून आहे.

परंतु एके ठिकाणी हा कायदा खरोखरच तोकडा पडतो आणि ते ठिकाण नेमके आपल्या भागातील गरिबांचे आहे. किनगावचे मजूर मालाच्या वर बसून येत होते. आपल्याकडेही केळीच्या बागेतून परतणारे मजूर भरलेल्या गाडीवर, पिकअपमध्ये, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसूनच येतात. दुसरे वाहन नसते, असले तर भाडे परवडत नाही. मालवाहू गाडीच्या सक्तीच्या विम्यात चालक आणि गाडीवरील कामगार येतात, मालाचा धनी किंवा त्याने नेमलेला माणूस येतो; मात्र ‘चल, बस मागे’ म्हणून चढवून घेतलेला उतारू येत नाही. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. काही प्रकरणांत न्यायालयांनी कंपनीस आधी पैसे देऊन मागाहून मालकाकडून वसूल करण्यास सांगितले आहे, पण तो हक्क नव्हे. न्यायाधीशाच्या दृष्टीवर ते अवलंबून असते. ज्या मजुराला गाडीच्या मालकाने माल भरण्या-उतरविण्यास लावले आहे तो त्याचा कामगार ठरतो, आणि त्याची भरपाई विम्यात येते. व्यापाऱ्याने मालाबरोबर पाठविलेला माणूस मालाच्या धन्याचा प्रतिनिधी ठरू शकतो. म्हणून अपघातानंतर पोलीस पहिले जबाब घेतात त्यांत, कोणी कामास लावले होते, मजुरी कोण देत होते, माल कोठे उतरवावयाचा होता, या गोष्टी खऱ्या आणि पूर्ण नोंदल्या गेल्या पाहिजेत. घाबरलेला मुकादम पुष्कळदा ‘वाटेत बसले होते’ एवढेच सांगून मोकळा होतो. त्या तीन शब्दांनी पंधरा घरांचा विमा जाऊ शकतो. कामगार ठरल्यास कामगार भरपाईच्या तरतुदींचीही वाट मोकळी असते. मात्र दोहोंपैकी एकच निवडावी लागते, दोन्ही नाहीत.

माझे मत विचाराल तर मालगाडीवर बसणे धोक्याचे आहे हे मान्य करूनही, त्या धोक्याची किंमत मेलेल्या मजुराच्या मुलांनी द्यावी हे न्याय्य नाही. न्यूझीलंडसारख्या लहान देशाने १९७४ पासून अपघातात दोष कोणाचा हा प्रश्नच बाजूस सारला आणि प्रत्येक जखमीची जबाबदारी एका सार्वजनिक निधीवर टाकली. आपला देश इतका मोठा आणि इतका निर्धन, म्हणून ते येथे शक्य नाही असे म्हणणारे आहेत. पण शेतमजुरास वाहून नेणाऱ्या गाडीच्या विम्याचा हप्ता थोडा वाढवून त्यालाही संरक्षणात घेणे अशक्य का असावे, याचे समाधानकारक उत्तर मला मिळालेले नाही.

अर्ज कोणी करावा? पत्नी, पती, मुले, आईबाप हे तर आहेतच. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भावांचा हक्क मान्य केला, २०२१ मध्ये जावयाच्या आश्रयाने राहणाऱ्या सासूचाही केला. तरुण विधवेने पुनर्विवाह केला म्हणून तिचा हक्क जात नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटले आहे. सासरच्या मंडळींनी हे ध्यानात ठेवावे.

जो वाचतो पण अधू होतो, त्याचे प्रकरण एका अर्थी अधिक कठीण. डॉक्टर दाखला देतो की हाताचे अपंगत्व शेकडा ६०. परंतु न्यायाधिकरणाने पाहावयाचे असते ते कमाईची शक्ती किती गेली हे. हात गेलेल्या कारकुनाची नोकरी कदाचित टिकेल. सुताराचा किंवा गाडीचालकाचा तो धंदाच बुडाला. २०१० च्या निर्णयातील हा विचार आपल्या मागवाल्यांना तंतोतंत लागू पडतो, कारण तुटलेला धागा एका हाताने सांधता येत नाही. उपचाराची प्रत्येक पावती, प्रत्येक चिठ्ठी जपून ठेवावी.

उपचाराविषयी दोन शब्द. जखमीस आधी तपासा आणि पोलिसांचे सोपस्कार मागाहून करा, हे डॉक्टरांचे कर्तव्य सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच ठरवून दिले. मे २०२५ पासून अपघातग्रस्तास योजनेतील रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचा उपचार रोख पैसे न भरता मिळण्याची योजना लागू झाली आहे. आणि जखमीस उचलून नेणाऱ्या भल्या माणसास पोलिसांनी अडकवून ठेवू नये, त्याने नाव सांगण्याचीही सक्ती नाही, असे २०१९ च्या दुरुस्तीखालील नियमांत लिहिले आहे. ‘झंझट नको’ म्हणून रस्त्याच्या कडेने निघून जाणाऱ्यांना आता ती सबब उरलेली नाही.

अर्जाची मुदत सहा महिने आहे. १९९४ मध्ये संसदेने ही मुदत काढून टाकली होती. २०१९ मध्ये ती पुन्हा घातली, आणि १ एप्रिल २०२२ पासून ती लागू झाली. मला हे पाऊल मागे टाकल्यासारखे वाटते. शोकात बुडालेल्या, शहर न पाहिलेल्या बाईस सहा महिने म्हणजे काहीच नव्हे. या तरतुदीस आव्हान दिले गेले असून, केवळ मुदत टळली म्हणून अर्ज फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. परंतु अंतरिम आदेशाच्या भरवशावर कोणी स्वस्थ राहू नये. सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा हेच उत्तम.

खरे पाहता, नव्या नियमांप्रमाणे पहिले पाऊल पोलिसांनीच उचलावयाचे आहे. अपघाताचा पहिला अहवाल अठ्ठेचाळीस तासांत आणि सविस्तर अहवाल नव्वद दिवसांत न्यायाधिकरणाकडे गेला पाहिजे. वारसांचे हक्क कोणते आणि प्रकरण कसे चालेल हे सांगणारा एक छापील नमुना, नमुना क्रमांक २, तपास अधिकाऱ्याने दहा दिवसांच्या आत घरच्यांच्या हाती दिला पाहिजे. आपल्या रीतीप्रमाणे दहाव्याचा विधी होतो, त्याच्या आत हा कागद घरात आलेला असावा. आला नसेल तर घरातील कोणी शहाण्या माणसाने ठाण्यात जाऊन तो मागावा; मागताना ‘नमुना दोन’ हेच शब्द वापरावेत.

वकिलास देण्यास पैसे नाहीत, ही अडचण स्त्रियांना तरी नाही. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींची माणसे, औद्योगिक कामगार आणि अपंग यांना मिळकतीची अट न लावता मोफत वकील देण्याची तरतूद १९८७ च्या विधी सेवा कायद्यात आहे, आणि त्यासाठीचे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय बऱ्हाणपूरच्या जिल्हा न्यायालयाशीच जोडलेले आहे. तेथे जाताना पहिल्या खबरेची प्रत, शवविच्छेदनाचा अहवाल, मृत्यूचा दाखला, मृताच्या वयाचा पुरावा, घरच्या माणसांची ओळखपत्रे आणि बँकेचे पासबुक एवढे बरोबर न्यावे. कोऱ्या कागदावर किंवा वकीलपत्राखेरीज अन्य कशावर अंगठा मागितला, तर तो वाचून घेतल्याशिवाय देऊ नये. भरपाई मंजूर झाली की पैसे वारसांच्या नावे त्यांच्या बँक-खात्यात जातात; अज्ञान मुलांचा वाटा मुदतठेवीत राहतो, आणि त्या ठेवीची पावती आईने स्वतःजवळ ठेवावी.